घरातील मत्स्यटाकीचा सांडवा : पूर टाळण्याचा हिशेब



शेततळ्याचा किंवा माती बंधाऱ्याचा बांध का फुटतो हे आपणांस सांगण्याची गरज नाही. पाणी जास्त झाले म्हणून बांध फुटत नाही, जास्तीच्या पाण्याला वाट नसली म्हणजे फुटतो. सांडवा अरुंद असतो, तुंबलेला असतो किंवा बांधाच्या माथ्याजवळ काढलेला असतो. मग पाणी आपली वाट आपणच शोधते. हाच नियम घरातल्या काचेच्या मत्स्यटाकीलाही लागू आहे.

गप्पी, मोली, गोल्डफिश यांसारखे शोभिवंत मासे घरी किंवा पडवीत पाळण्याची हौस आता खेड्यापाड्यांतही आली आहे. काही जण जोडधंदा म्हणून पिल्ले तयार करून विकतात. मासे वाढले की एका टाकीत पाणी स्वच्छ राहत नाही. म्हणून टाकीखाली दुसरी टाकी ठेवून, पंपाने पाणी फिरवून गाळण्याची पद्धत वापरतात. पद्धत चांगली आहे. परंतु तिच्यात जे पाणी फिरते ते चुकले तर थेट घराच्या फरशीवर येते. या लेखात हे पाणी केव्हा व का सांडते, त्याचा हिशेब कसा करावा आणि बंदोबस्त कसा ठेवावा, याची माहिती दिली आहे.

विषय पीकशास्त्राचा नाही, तरी तो लिहिण्यास कारण घडले. आमच्या घरी अशी टाकी बसविल्यावर पहिल्याच पावसाळ्यात एका रात्री वीज गेली. सकाळी उठून पाहतो तो खोलीत पाणी. भिंतीलगत हरभऱ्याच्या बियाण्याची दोन पोती जमिनीवरच ठेवली होती, ती तळाकडून भिजली. बियाणे वाळवून उगवणक्षमता तपासली तेव्हा पेरणीस नालायक ठरले. टाकी फुटली नव्हती, कोठे गळतीही नव्हती. सर्व वस्तू नवीन होत्या. चूक फक्त हिशेबाची होती, आणि तो हिशेब पाचवी-सहावीच्या गणिताचा आहे.

पाणी कसे फिरते?

वर मत्स्यटाकी असते. तिच्या एका कोपऱ्यात किंवा मागील बाजूस काचेची ठराविक उंचीची कड असते. हा तिचा सांडवा. पाणी या कडेवरून छोट्या कप्प्यात पडते व उतरत्या नळीने खालच्या टाकीत येते. खालच्या टाकीत मध्ये उभ्या काचा लावून कप्पे केलेले असतात. पहिल्या कप्प्यांत पाणी गाळले जाते, शेवटच्या कप्प्यात पंप असतो. पंप चढत्या नळीने पाणी पुन्हा वर पाठवितो.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. उतरत्या नळीतून येणारे पाणी गुरुत्वाने येते, पंप ते ओढत नाही. पंप जेवढे पाणी वर टाकतो तेवढेच कडेवरून खाली सांडते. म्हणून ही व्यवस्था चालू असताना आपोआप समतोल राखते. समतोल बिघडतो तो पंप थांबताना, पंप पुन्हा सुरू होताना आणि उतरती वाट तुंबल्यावर. पूर येतो तो याच तीन वेळी.

प्रथम मापे घ्या

टेप व कागद-पेन्सिल घेऊन पुढीलप्रमाणे मापे लिहावीत. समजण्यास सोपे जावे म्हणून येथे एका टाकीचे उदाहरण घेतले आहे. सर्व मापे आतील आहेत.

वरची टाकी : लांबी १२० सें.मी., रुंदी ४५ सें.मी., उंची ४५ सें.मी. पंप चालू असताना पाण्याची उंची ४१ सें.मी.

खालची टाकी : लांबी ७५ सें.मी., रुंदी ४० सें.मी., उंची ४० सें.मी. मधल्या काचांची उंची २५ सें.मी.

पंपाचा कप्पा : २५ सें.मी. × ४० सें.मी. पंप चालू असताना पाण्याची उंची २० सें.मी.

लांबी व रुंदीचा गुणाकार करून १,००० ने भागले की टाकीतील १ सें.मी. उंचीचे पाणी किती लिटर ते मिळते.

वरची टाकी : १२० × ४५ ÷ १,००० = ५.४ लिटर
खालची संपूर्ण टाकी : ७५ × ४० ÷ १,००० = ३ लिटर
पंपाचा कप्पा : २५ × ४० ÷ १,००० = १ लिटर

हे तीन आकडे टाकीच्या मागे चिकटवून ठेवावेत. पुढील सर्व हिशेब यावरच होतो.

पहिली वेळ : वीज गेल्यावर

पंप थांबला की पाणी दोन वाटांनी खाली येते. एक वाट सांडव्याची. पाणी वाहत असताना ते कडेच्या वर थोडे उंच उभे असते. ताशी १,२०० लिटर प्रवाह आणि १५ सें.मी. लांबीची कड असेल तर ही उंची सुमारे १.१ सें.मी. भरते. पंप थांबताच एवढे पाणी, म्हणजे सुमारे ६ लिटर, खाली उतरते आणि कडेशी येऊन थांबते. कड दुप्पट लांब केली तर ही उंची सुमारे ०.७ सें.मी. होते. म्हणून कड शक्य तितकी लांब ठेवावी. रुंद सांडव्यावरून पाणी पातळ थराने वाहते, हे आपण बंधाऱ्यावर पाहतोच.

दुसरी वाट चढत्या नळीची, आणि खरा धोका येथे आहे. या नळीचे तोंड वरच्या टाकीत पाण्याखाली बुडालेले असेल, तर पंप थांबल्यावर हीच नळी उलटी वाहू लागते. पिंपातील डिझेल नळीने ओढून काढताना एकदा धार लागली की ती तोंड उघडे पडेपर्यंत थांबत नाही, तसाच हा प्रकार. याला सायफन म्हणतात. तोंड जितके खोल, तितके पाणी खाली येणार.

आमच्या टाकीत हे तोंड पाण्याखाली १५ सें.मी. खोल होते. आता हिशेब पाहा.

वरून येणारे पाणी : १५ × ५.४ = ८१ लिटर
नळ्या व सांडव्याच्या कप्प्यातील पाणी : सुमारे ३ लिटर
एकूण : ८४ लिटर

खालच्या टाकीत जागा किती? पंपाच्या कप्प्यात २० पासून २५ सें.मी. पर्यंत ५ लिटर. त्यापुढे मधल्या काचा बुडून संपूर्ण टाकी भरू लागते. २५ पासून काठापर्यंत, म्हणजे १५ सें.मी., ४५ लिटर. एकूण जागा ५० लिटर. ८४ मधून ५० वजा जाता ३४ लिटर पाणी फरशीवर आले. दहा फूट बाय बारा फूट खोलीत एवढे पाणी सारखे पसरले तर ३ मि.मी. थर होतो. पोत्याचा तळ भिजण्यास तेवढा पुरे आहे.

उपाय पुढीलप्रमाणे करावेत.

१) चढत्या नळीचे तोंड पाण्याच्या पृष्ठभागाजवळ, १ ते १.५ सें.मी. खोल ठेवावे. हा सर्वांत खात्रीचा उपाय होय.

२) तोंड खोल ठेवणे भाग असल्यास, पृष्ठभागाखाली १.५ सें.मी. वर नळीला ४ ते ५ मि.मी. व्यासाची दोन छिद्रे पाडावीत. पाणी त्या पातळीस उतरले की छिद्रांतून हवा शिरते व सायफन तुटतो. छिद्रांचे तोंड टाकीच्या आतील बाजूस असावे. शेवाळ किंवा गोगलगाय बसून ती बुजतात, म्हणून दर आठवड्यास काडीने साफ करावीत.

३) उलटे पाणी अडविणाऱ्या झडपेवर, म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर, एकट्यावर विसंबू नये. विहिरीवरील पंपाचा फूट व्हॉल्व्ह एखाद्या खड्याने कसा गळतो याचा अनुभव आपणांस आहेच. येथेही शेवाळाचा एक धागा पुरतो.

वरील दुरुस्तीनंतर त्याच टाकीचा हिशेब असा होतो : १.५ × ५.४ = ८.१ लिटर, अधिक ३ लिटर, म्हणजे सुमारे ११ लिटर. त्यातील ५ लिटर पंपाच्या कप्प्यात मावतात. उरलेल्या ६ लिटरने खालच्या टाकीची पातळी २ सें.मी. वाढून २७ सें.मी. होते. काठ ४० सें.मी. वर आहे. आता वीज रात्रभर गेली तरी काळजी नाही.

दुसरी वेळ : वीज आल्यावर

वीज परत आली की पंप वरची टाकी पुन्हा भरू लागतो. आमच्या बाबतीत ३४ लिटर पाणी आधीच सांडून गेले होते. खालच्या टाकीतून पंपाला मिळू शकणारे पाणी ६५ लिटर (मधल्या काचांच्या वरचे ४५ व पंपाच्या कप्प्यातील २०) आणि वरची टाकी पूर्ववत भरण्यास हवे होते ८४ लिटर. सांडव्यावरून पाणी पुरेसे परत येण्याआधीच पंपाचा कप्पा रिकामा झाला. पंप कोरडा फिरत राहिला व तापून निकामी झाला. म्हणजे बियाणे गेले ते गेलेच, पंपाचा खर्चही अंगावर पडला. पंपाच्या कप्प्यात पाणी कमी झाल्यास वीज तोडणारा फ्लोट स्विच बसविल्यास हे नुकसान टळते.

काचेला छिद्र न पाडता, उलट्या यू आकाराच्या नळीने पाणी काठावरून बाहेर काढण्याची तयार पेटीही बाजारात मिळते. जुन्या टाकीस ती सोयीची असली तरी तिच्यात एक उणीव आहे. ती सायफनवर चालते. नळीच्या वरच्या वाकात हवेचे बुडबुडे साठले, किंवा वीज गेल्यावर नळीची तोंडे उघडी पडली, तर सायफन तुटतो. वीज आली की पंप पाणी वर टाकतो, परंतु खाली येण्यास वाट नसते. ही पेटी वापरायची असल्यास नळ्या दोन ठेवाव्यात आणि आठवड्यातून एकदा वाकातील हवा काढावी. नवीन टाकी घेताना मात्र छिद्र पाडून नळी बसविलेलीच घ्यावी. छिद्र टाकी बांधणाऱ्या कारागिराकडूनच पाडून घ्यावे. टफन्ड काचेस छिद्र पाडता येत नाही, ती तुकडे होऊन विखुरते.

तिसरी वेळ : सांडवा तुंबल्यावर

वाळलेले पान, शेवाळाचा गोळा, गोगलगाय किंवा मेलेला मासा उतरत्या नळीच्या तोंडाशी अडकतो. पंप चालूच असतो. अशा वेळी वरची टाकी काठावरून वाहणार की नाही, हे एकाच गोष्टीवर ठरते : पंप जास्तीत जास्त किती पाणी वर टाकू शकतो आणि वर जागा किती आहे.

पंपाचा कप्पा २० सें.मी. पासून पंपाच्या तोंडापर्यंत, म्हणजे ५ सें.मी. पर्यंत रिकामा झाला तर १५ लिटर वर जातील. मधल्या काचांमागचे पाणी तेथेच अडून राहते. वरच्या टाकीत ४१ ते ४५ सें.मी. ही ४ सें.मी. मोकळी कड आहे, तिच्यात २१.६ लिटर मावतात. १५ लिटर २१.६ पेक्षा कमी आहेत. त्यामुळे वाट पूर्ण तुंबली तरी पाणी २.८ सें.मी. वर चढून थांबेल. हा हिशेब जमत नसेल तर वरची पातळी कमी करावी किंवा पंपाचा कप्पा लहान करावा.

याशिवाय पुढील काळजी घ्यावी.

१) उतरती नळी चढत्या नळीच्या व्यासाच्या दुप्पट असावी. २० मि.मी. चढत्या नळीस ४० मि.मी. उतरती नळी ठेवावी. तिला मध्ये झोळ नसावा, आडवा भाग शक्यतो टाळावा आणि तिचे खालचे तोंड पाण्यात फार खोल बुडवू नये.

२) आपत्कालीन दुसरी उतरती नळी अवश्य बसवावी. तिचे तोंड नेहमीच्या पातळीपेक्षा १.५ सें.मी. वर ठेवावे. ती एरवी कोरडी राहील. पहिली तुंबली तरच तिच्यातून पाणी जाईल. या नळीवर कोणतीही तोटी किंवा झडप बसवू नये. सांडव्याला दरवाजा लावून कुलूप घालण्यासारखे ते होईल.

३) कडेवर दातेरी जाळी लावावी, म्हणजे पिल्ले व पाने अडतात. जाळीची भोके फार बारीक नकोत, ती लवकर बुजतात.

४) स्टँडवर टाकी ठेवताना पाणसळ लावून पाहावे. एका अंगास टाकी १ सें.मी. खाली असेल तर त्या बाजूची मोकळी कड अर्धा सें.मी. कमी होते. अशी भरलेली टाकी काच व दगडगोट्यांसह अडीचशे किलोपेक्षा जास्त भरते. कच्च्या जमिनीवर स्टँडच्या पायांखाली फरशी किंवा जाड फळी द्यावी.

पाण्याची भर घालताना होणारी चूक

बाष्पीभवनाने कमी होणारे पाणी फक्त पंपाच्या कप्प्यात कमी झालेले दिसते. वरची टाकी कडेपर्यंत भरलेलीच राहते. उन्हाळ्यात रोज थोडी भर घालावी लागते. पुष्कळ जण वीज गेलेली असताना किंवा अंदाजाने बादली ओततात. असे जादा ओतलेले प्रत्येक लिटर खालच्या टाकीतील मोकळी जागा खाते.

यासाठी खालच्या टाकीवर बाहेरून रंगाने दोन रेषा काढाव्यात. पंप चालू असतानाची पातळी ही 'चालू रेषा' आणि पंप बंद झाल्यावर स्थिर झालेली पातळी ही 'बंद रेषा'. भर नेहमी पंप चालू असतानाच आणि चालू रेषेपर्यंतच घालावी. पंप बंद असताना पाणी बंद रेषेच्या वर दिसले तर जादाचे काढून टाकावे.

काही जण गच्चीवरील टाकीची नळी तरंगत्या कॉकद्वारे थेट खालच्या टाकीस जोडतात. असे करू नये. सांडवा तुंबला की पंपाच्या कप्प्यात पाणी कमी होते, कॉक उघडतो, पंप ते पाणी वर टाकतो आणि गच्चीवरील टाकी संपेपर्यंत पूर चालू राहतो. स्वयंचलित भर हवीच असेल तर ५ लिटरच्या कॅनमधून घ्यावी. आपल्या उदाहरणात १५ अधिक ५ म्हणजे २० लिटर, अजून २१.६ च्या आत आहेत. १० लिटरचा कॅन लावला तर २५ लिटर होऊन पाणी काठाबाहेर जाईल.

पंपाची निवड

टाकीतील पाणी तासाला साधारण ३ ते ५ वेळा फिरेल एवढा पंप पुरेसा होतो. पंपावर छापलेला आकडा पाणी उंच न चढविता मिळणारा असतो. उंची वाढली की प्रवाह घटतो. खरा प्रवाह मोजण्यासाठी चढत्या नळीची धार त्याच उंचीवर १५ लिटरच्या बादलीत घ्यावी. बादली ४५ सेकंदांत भरली तर प्रवाह मिनिटास २० लिटर, म्हणजे ताशी १,२०० लिटर होय. ही चाचणी घेताना पंपाच्या कप्प्यात तेवढेच पाणी बाजूने घालत राहावे. नंतर मोठा पंप बसविल्यास सर्व हिशेब पुन्हा करावा.

मासे सोडण्यापूर्वी चाचणी

नवीन टाकी शक्य तर अंगणात किंवा मोरीजवळ मांडून, साधे पाणी भरून पुढील चाचण्या घ्याव्यात.

चाचणी १ : पंप चालू करून पातळी स्थिर होऊ द्यावी, नंतर बटण बंद करावे. अर्धा तास थांबून खालच्या टाकीची पातळी पाहावी. काठाखाली निदान ४ सें.मी. जागा उरली पाहिजे.

चाचणी २ : पंप पुन्हा सुरू करावा. बंद-चालू असे लागोपाठ दहा वेळा करावे. प्रत्येक वेळी सांडवा आपोआप वाहू लागला पाहिजे.

चाचणी ३ : मुख्य उतरती नळी बुचाने बंद करावी. दुसऱ्या नळीने सर्व पाणी सुखरूप खाली गेले पाहिजे.

चाचणी ४ : दोन्ही नळ्या बंद करून पंपाजवळ उभे राहावे. वरची टाकी काठावरून न वाहता पंपाचा कप्पा रिकामा झाला पाहिजे. पंप हवा ओढू लागताच बटण बंद करावे.

चारही चाचण्यांत उत्तीर्ण झालेली टाकीच घरात घ्यावी.

विजेबाबत दक्षता

पाणी सांडण्यापेक्षा ते विजेच्या फळ्यावर सांडणे अधिक घातक आहे. फळा टाकीच्या खाली किंवा जमिनीवर ठेवू नये, तो बाजूच्या भिंतीवर टाकीच्या काठापेक्षा उंच असावा. पंपाची वायर फळ्याकडे सरळ न नेता मध्ये खाली झोळ द्यावा, म्हणजे वायरवरून ओघळणारे थेंब झोळातून खाली गळतील. अर्थिंग तपासून घ्यावे व ३० मिलिअँपिअरचा गळती-विद्युतरोधक स्विच बसवावा. टाकीत हात घालण्यापूर्वी पिन काढावी. फरशीवर पाणी दिसल्यास प्रथम मुख्य स्विच बंद करावा, मगच पाण्यात पाय ठेवावा. मुलांनाही हे सांगून ठेवावे.

नियमित निगा

रोज : चालू रेषा पाहावी. सांडव्याची जाळी साफ करावी.
दर आठवड्यास : सायफन तोडणारी छिद्रे, दोन्ही नळ्यांची तोंडे व फ्लोट स्विच तपासावेत. एकदा पंप बंद करून बंद रेषा जुळते का ते पाहावे.
दर तीन महिन्यांनी : उतरती नळी ब्रशने आतून घासावी. पंप उघडून शेवाळ काढावे.
पावसाळ्यापूर्वी : वीज वारंवार जाण्याचा हा काळ असल्याने चाचणी १ ते ३ पुन्हा घ्याव्यात. पाणी फिरणे थांबल्यावर माशांना हवा मिळावी म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरी ठेवावा.

थोडक्यात लक्षात ठेवावे

• वीज गेल्यावर खाली येणारे पाणी खालच्या टाकीतील मोकळ्या जागेपेक्षा कमी असावे.
• पंप वर टाकू शकेल ते सर्व पाणी, भरीच्या कॅनसह, वरच्या टाकीतील मोकळ्या जागेपेक्षा कमी असावे.
• उतरत्या वाटा दोन असाव्यात, दुसरीवर झडप नसावी.
• झडप, कॉक व स्विच या जोडीला ठेवण्याच्या वस्तू आहेत. खरा भरवसा मापांवर ठेवावा.
• ज्या खोलीत मत्स्यटाकी आहे तेथे बियाणे, खते व धान्य ठेवू नये. ठेवणे भाग पडल्यास पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दूर रचावीत.

आमच्या घरची टाकी आजही त्याच जागी आहे. चढत्या नळीचे तोंड वर घेतले, दोन छिद्रे पाडली, दुसरी उतरती नळी बसविली. खर्च भिजलेल्या दोन पोती बियाण्याच्या मानाने नगण्य आला. आपल्या घरी अशी टाकी असेल तर आज सायंकाळी पंपाचे बटण एकदा बंद करून अर्धा तास शेजारी बसावे. पाणी कोठपर्यंत चढते ते डोळ्यांनी पाहावे व तेथे रेषा काढावी. ती रेषा काठाच्या बरीच खाली असेल तर रात्री निश्चिंत झोपावे, नसेल तर दुरुस्ती होईपर्यंत झोपण्यापूर्वी पिन काढून ठेवावी, नळीचे तोंड पाण्याबाहेर घ्यावे आणि रात्रीपुरता बॅटरीचा हवेचा पंप लावावा.